तुळशीचे लाइटबिल

माणसाने दिव्याचा शोध का लावला याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. बँकेतल्या माणसांत नाहीत. दिवसभराचा हिशेब संध्याकाळी जुळला नाही, म्हणून तो लावला. आधी तेलाचा, मग रॉकेलचा, मग विजेचा. दिवा सुधारत गेला तशी आमची खुर्चीवर बसण्याची वेळ वाढत गेली. झाडांचे तसे नाही. झाड सूर्य उगवला की काउंटर उघडते, मावळला की बंद करते, आणि मधल्या वेळेत चहाला उठत नाही. अशा या सरळमार्गी प्राण्यालाही माणसाने गेल्या दीडशे वर्षांत दिव्याखाली ओव्हरटाइमला बसवले, त्याची ही हकीकत. ती सांगायला मी अधिकारी नव्हे. अगदी शब्दशः नव्हे, कारण बँकेत मी क्लार्क आहे आणि पदवी कॉमर्सची आहे. पण हा सगळा मामला शेवटी जमाखर्चाचा निघाला, म्हणून धाडस करतो.

तसे पाहिले तर घरात दिव्यापाशी रोप वाढवायचा प्रकार आपल्याकडे फार जुना आहे. नवरात्रात घट बसतात तेव्हा आणखी काय होते? पत्रावळीवर माती, मातीत धान्य, वर कलश आणि शेजारी अखंड तेवणारा नंदादीप. देवघर अंधारे, दार अर्धे लोटलेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर वर येतात आणि बघता बघता वीतभर होतात. पाहुणे म्हणतात, "यंदा रुजवण छान आलंय हो!" रंग मात्र पिवळट. घरोघरी समजूत अशी की देवीला पिवळा रंग आवडतो. देवीच्या आवडीबद्दल मी बोलत नाही, पण रोपापुरते कारण साधे आहे : उजेडाची टंचाई. पानाचा हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य, आणि ते नीट तयार व्हायला उजेड लागतो. नंदादीपाचा उजेड आपल्याला देवी दिसण्यापुरता असतो. मग रोप वाढते कशावर? तर बियाण्यात साठवलेल्या पिठावर. म्हणजे वडिलोपार्जित ठेवीवर. त्याची ती सडसडीत उंचीसुद्धा भरभराटीची नसते. उजेड कुठे आहे ते शोधत घेतलेली ती धाव असते. दसऱ्याला आपण ते रोप उपटून टोपीत खोवतो. हिशेबाच्या दृष्टीने हे फार शहाणपणाचे आहे. ठेव संपायच्या आत खाते बंद!

आमच्या मसुऱ्याला उजेडाची टंचाई फक्त घरात असते. मसुरे म्हणजे मालवण तालुक्यातले, गड नदीच्या काठचे गाव. आंगणेवाडीची जत्रा सगळ्या मुंबईला ठाऊक असते, पण ती आंगणेवाडी मसुऱ्याचीच एक वाडी, हे मला दर वर्षी नव्याने सांगावे लागते. अंगणात डोळे दिपवणारे ऊन आणि माजघरात भर दुपारी चाचपडणे, ही जुन्या कोकणी घराची रचना. त्यावर उपाय म्हणून कौलांत एखादे काचेचे कौल बसवीत. त्यातून उन्हाचा पाटाएवढा चौकोन शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडे आणि दिवसभर हळूहळू सरकत जाई. कोंबड्यांच्या भीतीने आई मिरचीची रोपे करवंट्यांतून घरात ठेवी, आणि येता-जाता पायाने त्या करवंट्या उन्हाच्या चौकोनाबरोबर सरकवी. झाडाला किती ऊन, किती वेळ आणि कुठून द्यायचे, या प्रश्नावर पुढे परदेशात मोठे मोठे निबंध लिहिले गेले. आमच्याकडे ते काम डाव्या पायाने होत असे.

परदेशातली कथा अशी. १८६१ साली एर्वे मांगों नावाच्या फ्रेंच गृहस्थाने दाखवून दिले, की विजेच्या दिव्याखालीही रोपांत हरितद्रव्य तयार होते. म्हणजे उजेड सूर्याचाच हवा असा झाडाचा हट्ट नाही. चलन चालते, मग टांकसाळ कुठलीही असो. पुढची मोठी उडी घेतली ती विल्यम सीमेन्स यांनी. हे जन्माने जर्मन, इंग्लंडात स्थायिक झालेले. ज्या सीमेन्स बंधूंनी लंडन-कलकत्ता तारेचा मोठा टप्पा उभारला आणि १८७० साली ती सुरू करून दिली, त्यांतले हे एक. माणसाकडे पैसा, बंगला आणि वीज तिन्ही एकत्र आले, की त्याला काही तरी सुचतेच. यांना बागेत विजेचा प्रखर आर्क दिवा लावावासा वाटला.

टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या बंगल्यात त्यांनी मोहरी, गाजर, काकडी, खरबूज वगैरेंच्या कुंड्या घेतल्या आणि त्यांच्या चार तुकड्या पाडल्या. पहिली पूर्ण अंधारात, दुसरी फक्त विजेच्या दिव्याखाली, तिसरी फक्त सूर्यप्रकाशात आणि चौथी दिवसा सूर्य, रात्री दिवा अशा डबल ड्यूटीवर. पहिली फिकट पडून वाळली. दुसरी जगली. तिसरी नेहमीसारखी वाढली. आणि चौथी, आश्चर्य म्हणजे, सगळ्यांत जोमदार निघाली. १८८० च्या मार्चमध्ये त्यांनी हे सगळे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले, आणि भाषण चालू असताना ट्युलिपच्या कळ्यांची कुंडी दिव्यासमोर ठेवली. पाऊण तासाच्या आत कळ्या उमलल्या! भाषणाने कोणाचे चेहरे उमलल्याचे मी आमच्या वार्षिक समारंभात तरी पाहिलेले नाही.

सीमेन्स यांच्या दिव्याला वीज पुरवायला वाफेचे इंजिन होते. म्हणजे एका काकडीमागे किती कोळसा लागला असेल हा प्रश्न माझ्यासारख्याच्या मनात आलाच पाहिजे. पुढच्या वर्षी त्यांच्या लक्षात आले की उघडा आर्क दिवा पाने भाजून काढतो. मध्ये काच धरली तर झाडे खूश राहतात. १८९१ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे लिबर्टी हाइड बेली यांनी हाच उद्योग भाज्यांवर केला. लेट्यूस लवकर तयार झाले, पण पालक मात्र बियांवर गेला. म्हणजे पाने सोडून तुरा काढून मोकळा. एकच दिवा, एकच काचघर. एकाला बढती आणि दुसऱ्याला अकाली निवृत्ती! हे असे का, ते बेलींच्या काळी उलगडले नाही. त्याला आणखी तीस वर्षे जावी लागली.

ते उलगडले एका खोपटात. अमेरिकेच्या शेतीखात्यात गार्नर आणि अॅलार्ड नावाचे दोघे होते. त्यांच्याकडे ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा तंबाखू होता. उन्हाळ्यात तो माणसाच्या दुप्पट उंच वाढे, पण फुलायचे नाव काढत नसे. तोच हिवाळ्यात काचघरात नेला की निमूट फुले. थंडी, माती, पाणी, सगळ्यांची चौकशी झाली. सगळे निर्दोष सुटले. तेव्हा १९१८ साली त्यांनी कुत्र्याच्या घरासारखे एक अंधारे खोपट बांधले आणि ऐन उन्हाळ्यात कुंड्या रोज दुपारी त्यात कोंडायला सुरुवात केली. झाडाला वाटले दिवस लहान झाला, आणि ते फुलले. १९२० साली त्यांनी जाहीर केले की झाड केवळ उजेड खात नाही, तो किती तास मिळाला हेही मोजते. पुढे १९३८ च्या सुमाराला असेही निघाले, की काही झाडे खरी मोजतात ती दिवस नव्हे, रात्र. लांबलचक रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्यांचा हिशेब विसकटतो. बेलींचा पालक हा मोठ्या दिवसाला तुरा काढणारा. त्याला रात्री दिवा दाखवला आणि त्याने उन्हाळा आला असे समजून पुढची तजवीज केली. यात पालकाचा दोष नाही. त्याला खोटे स्टेटमेंट दाखवले होते.

या खोट्या स्टेटमेंटवर आज चांगला धंदा चालतो. शेवंती लहान दिवसाला फुलणारी. महाराष्ट्रातल्या हरितगृहांत तिच्यावर रात्री दिवे लावतात ते ती फुलावी म्हणून नव्हे, दांडा पुरेसा लांब होईपर्यंत फुलू नये म्हणून. दांडा झाला की दिवे बंद, वर काळे कापड, आणि बाजाराच्या तारखेला फूल हजर. ड्रॅगन फ्रूटचे नेमके उलटे : त्याला मोठा दिवस लागतो. व्हिएतनामचे शेतकरी रात्री बागांत बल्ब लावून त्याच्याकडून बिगरहंगामी फळ काढतात, आणि अलीकडे आपल्याकडच्याही काही शेतकऱ्यांनी एलईडी लावून तो मार्ग धरला आहे. लांबून ती शेते लग्नाच्या मांडवासारखी दिसतात. आत वऱ्हाडी म्हणून फक्त निवडुंग!

आता घरातल्या कुंडीकडे वळू, कारण वाचकाकडे आर्क दिवाही नसतो आणि हरितगृहही. असतो तो एक हॉल, आणि त्यात टीव्हीशेजारी कोणी तरी भेट दिलेले झाड. हे झाड मरायला साधारण चार-सहा महिने घेते. या काळात त्याला पाणी जास्त झाले, पाणी कमी झाले, कोणाची दृष्ट लागली, अशा सर्व शंका काढल्या जातात. उजेड कमी पडला असे कोणी म्हणत नाही, कारण आपल्याला तर सगळे लख्ख दिसत असते. इथेच घोटाळा आहे. आपला डोळा मोठा समजूतदार आहे. कमी असेल त्यात भागवतो. दुपारच्या उघड्या उन्हात लाखाच्या घरात लक्स उजेड असतो. लक्स हे उजेडाचे माप. दिवे लावलेल्या हॉलमध्ये तो शे-दोनशे भरतो. डोळ्याला हा फरक थोडासा वाटतो; झाडाच्या दृष्टीने हा पगार हजारातून एक-दोन रुपयांवर आल्यासारखा आहे.

आणि खर्च? तो चोवीस तास चालू. झाड रात्रंदिवस श्वास घेते, त्यात साठवलेली साखर जळते. जमा होते ती फक्त उजेडात. उजेड एका मर्यादेखाली गेला, की जमेपेक्षा खर्च जास्त. मग झाड आधी जुनी पाने मोडते, मग नव्या पानांचा आकार आखडते, आणि वरून हिरवे दिसत असताना आतून मुद्दल खात राहते. अशी खाती मी काउंटरवरून पुष्कळ पाहिली आहेत. माणसे इस्त्रीचे कपडे घालून येतात.

घरच्या घरी यावर उपाय निघाला तो ट्यूबलाइटमुळे. १९३८ साली अमेरिकेत ट्यूब बाजारात आली. जुना बल्ब शंभरातली पाच-सात टक्केच वीज उजेडात घाली, बाकीची तापण्यात. त्याच्याजवळ झाड नेले तर भाजे आणि लांब ठेवले तर उपाशी, कारण बल्बपासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. ट्यूब मात्र गार. पानापासून वीतभर अंतरावर टांगली तरी चालते. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी तळघरांत फळ्या मांडून, वर ट्यूब लोंबकळत ठेवून आफ्रिकन व्हायोलेटची फुले फुलवली. घरगुती दिव्याखालच्या बागेचे खरे जनक हेच. १९६०च्या दशकात खास झाडांसाठी जांभळट-गुलाबी उजेडाच्या ट्यूबही निघाल्या. कारण पानाला तांबडा आणि निळा उजेड जास्त मानवतो. हिरवा ते काही अंशी परत करते, म्हणून तर ते आपल्याला हिरवे दिसते. मात्र १९७२ साली मॅक्री या शास्त्रज्ञाने बावीस पिकांची पाने तपासून दाखवले, की पान हिरवा उजेडही टाकून देत नाही, कमी दराने का होईना वटवतेच. म्हणून साधा पांढरा दिवाही झाडाला चालतो.

मग एलईडी आली. तांबडी १९६२ साली; निळ्या चमकदार एलईडीला १९९०चे दशक उजाडावे लागले, आणि तिच्याबद्दल तीन जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांना २०१४चे नोबेल मिळाले. निळी आली म्हणून पांढरी आली. २०१५च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी एलईडीखाली वाढवलेले लेट्यूस अंतराळस्थानकात खाल्ले. पुण्यात लोकांनी बंद कंटेनरमध्ये काश्मिरी केशर फुलवले. केशराचे फूल कंदातल्या शिलकीवर उमलते, म्हणजे पुन्हा घटाचीच गोष्ट. पण पुढल्या वर्षीचा कंद भरायचा तर दिवा लागतोच. त्याच २०१५ साली ‘उजाला’ योजना सुरू झाली, एलईडी स्वस्त झाली, आणि सीमेन्ससाहेबांना इंजिन लावून जे करावे लागले ते क्लार्कच्या आवाक्यात आले.

आमच्या घरी ते करावे लागले आईमुळे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती मसुऱ्याहून मुंबईला आली, ती मांडीवर तुळशीचे रोप घेऊन. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, आणि खिडकीसमोर हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ दुसऱ्या इमारतीची भिंत. आईने पट्टी सुटल्याबरोबर पहिल्यांदा ती भिंत पाहिली आणि विचारले, "हिका ऊन खंयसून मेळतला?" मी गप्प. महिन्याभरात रोप लांबुडके झाले, खालची पाने गळाली. डॉक्टरांनी तर सांगितले होते की आता तिने एकटीने राहू नये. आईने आपला निर्णय तुळशीवर सोपवला : "ही सुकली काय माका मसुऱ्याक न्हेऊन सोड."

म्हणजे आता प्रश्न बागकामाचा राहिला नाही. वरच्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी जुना शंभराचा बल्ब लावायचा सल्ला दिला. त्यांच्या मनीप्लँटची भाजलेली पाने पाहून मी आभार मानले. मी बाजारातून वीस-वीस वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या आणल्या, लाकडी चौकटीला शेजारी शेजारी ठोकल्या, वर आतून पांढरा रंग दिलेली पत्र्याची पन्हळ लावली म्हणजे उजेड छताला फुकट जाऊ नये, आणि सगळे साखळीने टांगले. रोप वाढेल तशी साखळी एकेक कडी वर घ्यायची. दिवा पानांपासून वीतभर. वायरची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर. आणि टायमर : सकाळी सहाला चालू, रात्री आठला बंद. उन्हाचा जोर या दिव्यात नाही, म्हणून कमी दराने जास्त तास, हे तत्त्व. रिकरिंगसारखे. पंधरा दिवसांनी कांड्यांतले अंतर कमी झाले, नवी पाने गडद आली. सौ. म्हणाली, "हॉलचं ऑपरेशन थिएटर झालंय." पण म्हणाली हळूच.

खरी अडचण पुढे आली. एका संध्याकाळी सात वाजता आई दिव्यासमोर विचारात उभी. "सूर्य मावळल्यार तुळशीक हात लावूचो नसता. पण हिचो सूर्य मावळता कधी?"

"रात्री आठाक, आई."

"मगे सांजवात आठाक लावतंय."

गार्नर आणि अॅलार्ड यांना जे समजायला खोपट बांधावे लागले, ते तिने एका वाक्यात मान्य केले : झाडाचा दिवस झाडाने ठरवायचा. तेव्हापासून आमच्याकडे रात्री आठ वाजता टिक् असा आवाज होतो, पट्ट्या विझतात, आणि अंधारात एक निरांजन लागते. एवढ्या इतिहासातून मला जे कळले ते त्या दोन दिव्यांत आहे. तुळशीपुढे दिवा आपण पिढ्यान् पिढ्या लावत आलो. तो आपल्यासाठी, त्यातले तुळशीला काही पोचत नव्हते, आणि अंगणात ऊन होते तोवर पोचण्याची गरजही नव्हती. तुळशीसाठी दिवा लावायची वेळ आली ती आपण तिला अंगणातून उचलून आणल्यावर. ज्याला त्याच्या उन्हातून आपण उचलून आणतो, त्याच्या उन्हाची सोय आपणच करायची असते. मग ते झाड असो वा माणूस.

राहता राहिला हिशेब. चाळीस वॅट गुणिले चौदा तास, म्हणजे रोज अर्ध्या युनिटच्या किंचित वर, महिन्याला १६.८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १६८ रुपये. हा आकडा मी सहज बोलून गेलो. पुढल्या पहिल्या तारखेला आईने कनवटीची पुरचुंडी सोडून माझ्या हातावर १७० रुपये ठेवले. "तुळशीचो खर्च माझो," ती म्हणाली. वरचे दोन रुपये परत देऊ लागलो, तर म्हणाली, "ऱ्हवांदेत. फुडल्या म्हयन्यात धर."

फुडल्या म्हयन्यात! मी ते दोन रुपये ताबडतोब जमा करून घेतले आणि वहीत तिच्या नावाने नवे खाते उघडले.